खिडकीकडे वळणारं पाणी

इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट नेमकं काय करतो, हे माझ्या सोयऱ्याधायऱ्यांना मी निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. निम्म्यांना वाटायचं मी प्राध्यापक आहे, निम्म्यांना वाटायचं मी शिपाई आहे. मी दोन्ही गैरसमजांचा सोयीने फायदा घेतला. लग्नाच्या पंगतीत प्राध्यापक व्हायचं आणि कोणी वर्गणी मागायला आलं की शिपाई. खरं काम या दोहोंच्या मधलं. सर शिकवणार, मुलं शिकणार, आणि ज्या यंत्रावर हे सगळं चालणार ते यंत्र गळू नये, अडू नये, कोणाचं बोट कापू नये, हे मी बघणार.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी गमतीचे किस्से मागितलेत. किस्से आहेत. परीक्षेच्या दिवशी माझ्या खिशात पेढा सरकवून ‘काका, उत्तर किती येतं हो?’ विचारणारी मुलं होती. पुस्तकातल्या आकड्याशी आकडा जुळत नाही म्हणून ‘जरा व्हॉल्व्ह दाबून धरा’ सांगणारे एक सर होते. पण हे सगळं कोणत्याही लॅबमध्ये घडतं. मला लिहायचंय ते एका पात्याबद्दल आणि त्या पात्यामुळे मला मिळालेल्या मेमोबद्दल. तो राग अजून पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मी मूळचा पारनेर तालुक्यातला. आयटीआयला टर्नर झालो, नगरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काही वर्षं काढली, आणि मग जिल्ह्यातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात पाण्याच्या लॅबला लागलो. कॉलेजचं नाव सांगत नाही. चहूबाजूंनी ऊस होता एवढं सांगतो. आमच्या जिल्ह्यात तेवढ्यावरून कोणाला काही ओळखता येणार नाही. आम्ही बौद्ध. मला नोकरी मिळाली ती राखीव जागेवर, आणि ती पहिली दोन वर्षं कच्ची होती. दोन वर्षांनी कमिटी बसणार, कामाचे शेरे बघणार, मग नोकरी पक्की होणार. आमचे विभागप्रमुख माझ्या समोरच एकदा कोणाला तरी म्हणाले होते, ‘काय करणार, जागा भरायच्या म्हणून भराव्या लागतात.’ मी तेव्हा नळाला वॉशर बसवत होतो. नळ जरा जास्तच आवळला गेला. पण त्याच दिवशी ठरवलं की माझ्या हातून सुटलेल्या कामात या माणसाला सूतभरही चूक सापडू द्यायची नाही.

दुसऱ्या वर्षी मुठे मॅडम लॅबमध्ये आल्या. राजूरच्या बाजूच्या एका वाडीतल्या, घरात पहिल्याच शिकलेल्या. शिकवता शिकवता त्या एम.ई. करत होत्या. त्यांचा विषय होता मासा शेपटी हलवतो तेव्हा मागच्या पाण्याचं काय होतं, हा. अर्थात मासा सांगू तेव्हा सांगू तशी शेपटी हलवत नाही, म्हणून माशाच्या जागी एक पातं हवं होतं. पुढून गोलसर, मागे निमुळतं होत गेलेलं, वीतभर रुंदीचं. वाहत्या पाण्यात ते उभं टांगायचं आणि डावीउजवीकडे सारखं हलवायचं.

‘किती सारखं?’ मी विचारलं.

‘अगदी सारखं,’ मॅडम म्हणाल्या. ‘डावीकडे जेवढं जाईल तेवढंच उजवीकडे. उन्नीस-बीस चालायचं नाही, दादा.’

मला दादा म्हणणारी त्या कॉलेजातली ती पहिली व्यक्ती. मी म्हटलं, होऊन जाईल.

आणि मी ते केलं. मोटर, तीन टप्प्यांची पुली, लोखंडी चाक, चाकावर खुंटी, खुंटीने सरकणारा दांडा आणि दांड्याला टांगलेलं ॲक्रिलिकचं पातं. पात्याला हातानं कानस मारून, पाण्याचा पॉलिश पेपर लावून मी असं गुळगुळीत केलं की मॅडम त्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिल्या. पाणी काचेच्या लांबट पाटातून वाहायचं. सलाईनच्या नळीतून जांभळं परमँगनेट थेंबाथेंबानं पात्याच्या पुढे सोडायचं, म्हणजे मागे काय चाललंय ते वरून दिसायचं.

जे दिसायचं ते फार देखणं होतं. पुलीचा पहिला टप्पा, म्हणजे सावकाश हलणारं पातं: मागे एक भोवरा डावीकडे, एक उजवीकडे, असे ओळीनं निघत. दुसरा टप्पा, जरा जलद: भोवऱ्यांची फिरायची दिशा उलटायची आणि मधून पाण्याचा झोत सरळ मागे सुटायचा. मॅडम म्हणाल्या, मासा पुढे जातो तो याच झोताच्या जोरावर. आजवर ताटात पाहिलेल्या माशाबद्दल मला पहिल्यांदाच आदर वाटला.

घोळ झाला तिसऱ्या टप्प्यावर. पातं जोरात हलायला लागलं की तो झोत सरळ जाईना. वाकून खिडकीच्या बाजूला जाऊ लागला. पातं दोन्हीकडे सारखं हलतंय, पाणी सरळ येतंय, आणि मागचं जांभळं शेपूट मात्र खिडकीकडे. बंद करून पुन्हा सुरू केलं. खिडकीकडे. दुसऱ्या दिवशी केलं. खिडकीकडेच.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पात्याकडे पाहिलं.

इथून पुढचे तीन महिने मी त्या यंत्रात वाकडेपणा शोधत होतो. गवंड्याकडून पाण्याची नळी आणून पाटाची लेव्हल तपासली. पातं काढून उलटं लावलं, डावी बाजू उजवीकडे. पातं वाकडं असतं तर शेपूट आता दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे जायला हवं होतं. गेलं खिडकीकडे. चाक नवं केलं, खुंटी नवी केली, दांडा नवा केला. पाणीच तिरकं येत असेल म्हणून स्टँडवरच्या रसवंतीतून कोल्ड्रिंकच्या नळ्यांची खोकी आणली, नळ्या एकावर एक रचून चाळणी केली आणि पाणी त्यातून सरळ करून सोडलं. रसवंतीवाला म्हणाला, ‘एवढा रस कोन पितंय कालिजात?’ शेपूट खिडकीकडेच गेलं. शेवटी मी खिडकीसुद्धा बंद करून पाहिली. हे कोणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितोय.

विभागप्रमुखांनी एकदा येऊन पाहिलं. पाटाजवळ दोन मिनिटं उभे राहिले.

‘यंत्र सारखं हलत असेल तर पाणी सारखंच जाणार. पाणी वाकडं जातंय, म्हणजे यंत्र वाकडं आहे. शाळेतल्या पोरालाही कळेल.’

मी म्हटलं, ‘सर, सगळे भाग मोजलेत. डायल गेज लावून दाखवतो, केसाएवढाही फरक नाही.’

‘भाग नाही, हात,’ ते म्हणाले. ‘ज्याचा हात धड नाही त्याने कितीही भाग बदलले तरी काय होणार?’

आठ दिवसांत मेमो आला. ‘सदोष कारागिरीमुळे संशोधनकार्याचे नुकसान.’ एक प्रत मला, एक माझ्या फायलीला. कमिटी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बसायची होती. त्या एका ओळीने माझी नोकरी जाऊ शकत होती, आणि जाताना ‘जागा भरायच्या म्हणून भरलेली माणसं अशीच असतात’ हे वाक्य खरं करून जाणार होती. मला दुसऱ्याच गोष्टीचा घोर होता. माझ्यानंतर गावाकडची जी कोणी मुलं अर्ज करतील, त्यांच्यापुढेही माझाच दाखला ठेवला जाईल, हे मला लख्ख दिसत होतं.

मेमो घेऊन शनिवारी गावी गेलो. वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी हयातभर दुसऱ्यांच्या विहिरी खणल्या होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘हात वाकडा हाय म्हनत्यात? मंग घास नाकात जातुया का रं तुझा?’

मला हसू आलं नाही. उलट मी त्यांच्यावर खेकसलो, की तुम्हाला यातलं काय कळतंय. ते म्हणाले, ‘मला न्हाई कळत. तुला कळतंय ना? मंग जा आन् हुडीक. हितं बसून काय गावनार हाय?’

माफी मागायचं माझ्या मनात होतं, ती मागितली नाही. आता मागायला ते नाहीत. पण सोमवारी मी परतलो ते हुडकायचं ठरवूनच.

लॅबच्या दारात मुठे मॅडम उभ्या होत्या. एरवी शांत असायच्या, आज डोळे लाल. चिडल्या की त्यांची राजूरची बोली बाहेर यायची, ती आली होती.

‘दादा, जाताना यंत्राला हात लावला होता ना तुम्ही? खरं सांगा.’

‘कधी?’

‘शनिवारी. मी काल एकटीनं चालवून बघितलं. शेपूट भिंतीकडं गेलं! तीन महिन्यांचे फोटो खिडकीकडचे हायेत माझे. आता परीक्षकांना काय दाखवू मी, कपाळ?’

मी म्हटलं, ‘मॅडम, शनिवारी मला बस गाठायची होती. यंत्र बंद केलं आणि पळालो. तुम्हीच काही ढिलं केलं असेल.’

‘मी बटण सोडून कशालाच शिवले नाही!’

दोघेही तणतणत आत गेलो. मी यंत्र सुरू केलं. खिडकीकडे. मी विजयाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मला बाजूला सारलं, यंत्र बंद केलं, जरा थांबून पाणी निवळू दिलं आणि पुन्हा बटण दाबलं. पाणी डचमळलं, भोवरे जमले आणि जांभळं शेपूट आमच्या देखत भिंतीकडे वळलं.

एकच यंत्र, एकच पाणी. माणूस बदलला की दिशा बदलत होती. क्षणभर मला विभागप्रमुखांचं म्हणणंच खरं वाटलं, की दोष हातातच आहे.

‘परत करा,’ मी म्हणालो. ‘अगदी तसंच. मी नुसता बघतो.’

त्यांनी केलं. आणि मला दिसलं की त्या काहीच करत नव्हत्या. चाक जिथे थांबलं असेल तिथून बटण दाबत होत्या. मी तसं कधीच करत नव्हतो. आयटीआयमधल्या आमच्या मास्तरांनी पट्टी मारून मारून एक सवय लावली होती: यंत्र बंद केलं की हाताने फिरवून त्याच्या ठरलेल्या जागेवर आणून ठेवायचं, आणि सुरू करायच्या आधी पुन्हा तपासायचं. म्हणून मी चाकावर पांढऱ्या रंगाची खूण केली होती, आणि दर वेळी खूण वर आणून मगच बटण दाबत होतो. खूण वर असली की पात्याचा पहिला हेलकावा भिंतीकडे जायचा. दर वेळी, न चुकता. शनिवारी यंत्र बंद केल्यावर बसच्या घाईत खूण वर आणून ठेवायचं तेवढं राहून गेलं होतं.

मी चाक हाताने अर्धं फिरवलं, खूण खाली आणली आणि बटण दाबलं. शेपूट भिंतीकडे. खूण वर, शेपूट खिडकीकडे. खूण खाली, भिंतीकडे.

मॅडम स्टुलावर बसल्या. मग त्यांनी मला समजावलं आणि मला ते समजलं तसं सांगतो. पातं जोरात हललं की सरळ झोताला तोल सांभाळता येत नाही. भोवरे जोडीजोडीने एकमेकांना चिकटतात आणि जोडीला कोणत्या तरी एका बाजूला जावंच लागतं. कोणती बाजू, हे यंत्र ठरवत नाही. दोन्ही बाजू तिला सारख्याच. सुरुवातीला मिळालेल्या एवढ्याशा कलाने ते ठरतं. सगळं सारखं असूनही पाणी सारखं राहत नाही. मॅडमच्या भाषेत, सममिती मोडते.

मला आनंद व्हायला हवा होता. वाटली ती शरम. तीन महिने मी लोखंडात दोष शोधत होतो आणि मला चकवलं होतं माझ्या शिस्तीने. एखादा गबाळ्या माणूस माझ्या जागी असता तर शेपूट कधी इकडे, कधी तिकडे गेलं असतं आणि पहिल्याच आठवड्यात उलगडा झाला असता.

त्यानंतर आम्ही दोघांनी यंत्र एकदा खूण वर, एकदा खूण खाली असं सुरू करकरून एक अख्खी वही भरली. आणखी एक गोष्ट दिसली. फार वेळ चालू ठेवलं तर कधीकधी शेपूट आपणहून बाजू बदलायचं. कधी बदलेल त्याचा नेम नव्हता. वही घेऊन मॅडम विभागप्रमुखांकडे गेल्या. त्यांनी पानंही उलटली नाहीत.

‘म्हणजे चालवणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. मी तेच तर लिहिलंय.’

मॅडम परत येऊन म्हणाल्या, ‘दादा, यांना आपण समजावू शकत नाही. परीक्षक आले की बोलू.’

परीक्षक बाहेरून आले. वयस्क, सडपातळ, हातात पिशवी. चहाला नको म्हणाले आणि थेट पाटाजवळ येऊन उभे राहिले. विभागप्रमुखांनी आधीच सांगून टाकलं, ‘सर, विषय चांगला आहे, पण यंत्र स्थानिक बनावटीचं आहे. त्यामुळे निष्कर्षांना मर्यादा आहेत.’

परीक्षकांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘तुम्ही केलंत?’

‘हो.’

‘मग तुम्हीच चालवा.’

मी खूण वर आणली. ‘खिडकीकडे जाईल,’ मी म्हणालो. गेलं. थांबवलं, पाणी निवळलं, खूण खाली आणली. ‘भिंतीकडे.’ गेलं. परीक्षकांनी मला बाजूला केलं आणि चाक स्वतःच्या हाताने फिरवून स्वतः बटण दाबलं. खूण वर होती, शेपूट खिडकीकडे गेलं. त्यांनी बंद केलं नाही. बघतच राहिले.

तेवढ्यात शेजारच्या लॅबमध्ये कोणी तरी मोठा पंप सुरू केला. जमीन थरथरली, पाटातल्या पाण्यावर बारीक शहारा आला. शेपूट डळमळलं, क्षणभर सरळ झालं आणि सावकाश कूस बदलून भिंतीकडे गेलं. मुठे मॅडमनी माझी बाही घट्ट धरली.

‘बघा!’ विभागप्रमुख म्हणाले. ‘हेच मी म्हणत होतो. याचा काही भरवसाच नाही.’

परीक्षकांनी चष्मा काढला. ‘सर, यंत्र एका अंगाला वाकडं असतं, तर पाणी त्याच अंगाला जाऊन बसलं असतं. इतकं सहज दुसरीकडे गेलं नसतं. दोन्ही बाजू त्याला सारख्या आहेत म्हणूनच ते असं करू शकतं.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘फार सरळ काम आहे तुमचं.’

मॅडम पास झाल्या. परीक्षकांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढून लॅबमध्येच खाल्ला आणि जाताना नळ्यांच्या चाळणीचंही कौतुक करून गेले. मॅडम रडल्या, मग हसल्या, मग पेढे आणायला गेल्या. त्या गेल्यावर लॅबमध्ये मी आणि विभागप्रमुख दोघेच राहिलो.

‘सर, माझा मेमो,’ मी म्हणालो.

‘त्याचं काय? झालं ना आता सगळं. विसरून जा.’

मॅडमही नंतर तेच म्हणाल्या, ‘दादा, सगळ्यांना कळलंय की.’ पण कमिटीतल्या लोकांना कुठे कळलं होतं? कमिटी फाईल वाचणार होती, आणि फायलीत ती ओळ तशीच होती.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी दहाला अर्ज घेऊन त्यांच्या केबिनबाहेर उभा राहू लागलो. एकच अर्ज, तारीख तेवढी रोज नवी. हेडक्लार्क भला माणूस होता. मला म्हणाला, ‘आरं, मेमो द्यायचा नमुना हाय आपल्याकडं. परत घ्यायचा नमुनाच न्हाई. आजवर कुनी मागितलाच न्हाई!’ मी म्हटलं, मग टाईप करा, मी सांगतो. विभागप्रमुख कधी मीटिंगला जायचे, कधी मागच्या दाराने. मीही हटलो नाही. लॅबचं काम दहा मिनिटंसुद्धा मागे पडू दिलं नाही. तेवढंच निमित्त त्यांना पुरलं असतं.

कमिटीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. बस म्हणाले नाहीत. समोर माझी फाईल होती. कोरा कागद ओढून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि माझ्याकडे सरकवलं. ‘तपासणीअंती सदर यंत्रात दोष आढळला नाही. मेमो रद्द करण्यात येत आहे.’

मी वाचलं. बाहेर पडता आलं असतं. नोकरी वाचत होती.

‘सर, मेमो यंत्राला दिला नव्हता,’ मी म्हणालो. ‘मला दिला होता.’

पंखा खडखडत होता. त्याचं बेअरिंग गेलं होतं, ते मला बाहेर उभ्या उभ्याच कळलं होतं. मी हात मागे बांधून उभा राहिलो. थांबायची सवय मला आता चांगलीच झाली होती. शेवटी त्यांनी कागद परत ओढला, ‘यंत्रात’ या शब्दाच्या पुढे खूण केली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘तसेच कारागिराच्या कामात’. आणि खाली सही केली.

मी कागद घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

‘तारीख राहिली, सर.’